चिमणीची उंची वाढवण्याआधी धूर गरम ठेवा

तुम्ही दिलेला तपशील आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ५ बाय ४ मीटरची लाकडी केबिन, छत २.४ मीटरवर, आत ९ किलोवॉटचा लाकडाचा स्टोव्ह. १५० मिमी व्यासाचा एकेरी पत्र्याचा पाइप खोलीत थोडा वर जातो, एल्बोने वळून भिंतीतून आडवा बाहेर पडतो आणि दुसऱ्या एल्बोने बाहेरच्या बाजूने वर चढतो. स्टोव्हच्या माथ्यापासून पाइपच्या टोकापर्यंत उंची ४ मीटर. रात्री झोपताना तुम्ही स्टोव्ह ठासून भरता आणि हवेची झडप पूर्ण बंद करता. सकाळी काच काळी झालेली असते, दार उघडलं की धूर तोंडावर येतो आणि पाइपच्या सांध्यांतून उग्र वासाचं तपकिरी पाणी गळतं. विक्रेत्याने पाइप १ मीटरने वाढवायला सांगितलंय, आणि तेवढ्याने भागेल का, असं तुम्ही विचारताय.

भागणार नाही. आजच्या स्थितीत उलट त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त आहे. काळी काच, गळणारं पाणी आणि खोलीत येणारा धूर ही तीन वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच आहे: तुमचा धूर टोकाला पोचायच्या आतच गार होतोय. धूर साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली उतरला की त्यातली डांबरी वाफ पाइपच्या आतल्या अंगाला बसायला लागते. आणखी गार झाला की पाण्याची वाफही तिथेच द्रवते. या दोहोंचं मिश्रण तुमच्या सांध्यांतून ठिबकतंय. ते सुकून चिकटलं की त्याला क्रिओसोट म्हणतात, आणि क्रिओसोट पेट घेतो.

म्हणून पहिली विनंती: पाइप साफ होईपर्यंत आणि भिंतीतली जागा उघडून बघेपर्यंत स्टोव्ह पेटवू नका. वर्णनावरून एकेरी पाइप लाकडी भिंतीतून थेट नेलेला दिसतोय. तसं असेल तर गळतीपेक्षा हे मोठं संकट आहे. लाकूड दीर्घकाळ तापत राहिलं की आतल्या आत कोळपतं, आणि असं कोळपलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. पहिला हिवाळा सुखरूप गेला म्हणून तिसराही जाईल असं इथे धरता येत नाही. भिंतीवरची कॉलर (पाइपभोवतीची पत्र्याची चकती) काढा, टॉर्च मारून पाइपभोवतीचं लाकूड चारही बाजूंनी बघा. ते गडद तपकिरी किंवा काळं पडलं असेल, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर भुसभुशीत लागत असेल, तर तेवढा भाग कापून काढावा लागेल.

आता उंचीचा हिशेब. चिमणीतला धूर गरम म्हणून हलका आणि बाहेरची हवा गार म्हणून जड, या फरकातून ओढ तयार होते. बाहेर ० अंश धरू. ४ मीटर उंचीत धुराचं सरासरी तापमान १५० अंश असेल तर ओढ सुमारे १८ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) मिळते. तेच सरासरी ६० अंशांवर आलं तर ९ पास्कल. घरगुती स्टोव्ह सहसा १२ पास्कलच्या आसपासची ओढ धरून तपासलेले असतात. म्हणजे रात्री तुमच्या स्टोव्हला तेवढीही ओढ मिळत नाही. या ६० अंशांच्या धुराला आणखी १ मीटर पाइप दिला तर ओढ ११ पास्कलच्या थोडी वर जाते, तीही कागदावर. प्रत्यक्षात तो वाढीव मीटर बाहेरच्या थंडीत उघडा उभा राहणार, त्यात धूर आणखी गार होणार, आणि दोन एल्बो आपला वाटा खाणार ते वेगळंच. याउलट धूर गरम राहिला तर आहे त्याच उंचीत ओढ दुप्पट होते. उंचीला महत्त्व आहेच, पण तुमच्याकडे तिची पाळी शेवटी येते.

धूर गार होण्याची तीन कारणं तुमच्याकडे एकत्र आली आहेत: ओलसर जळण, बंद झडप आणि उघडा पाइप. पहिलं कारण मी अंदाजाने सांगतोय, कारण ओलावा तुम्ही मोजलेला नाही. पण तुम्ही लिहिलेलं "गेल्या हंगामात तोडलेलं, ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेलं" लाकूड कोरडं निघालं तर मला आश्चर्य वाटेल. ताडपत्री चारही बाजूंनी जमिनीपर्यंत ओढली की लाकडातून निघालेला ओलावा आतच कोंडतो. थप्पी जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर वर हवी, वरून झाकलेली हवी आणि बाजूंनी सताड उघडी. लाकूड फोडलेलं पाहिजे. अख्ख्या ओंडक्याची साल पाणी धरून ठेवते, आणि सुकणं मुख्यतः टोकांतून आणि फोडीच्या उघड्या अंगातून होतं. हलक्या जातीची फोडलेली लाकडं चांगल्या वाऱ्यात ६ ते ९ महिन्यांत तयार होतात, ओकसारखं घट्ट लाकूड दोन वर्षं घेतं. जात, जाडी, वारा, पाऊस यांवर हे इतकं अवलंबून आहे की महिने मोजण्यापेक्षा मीटर लावलेला बरा.

दोन टाचण्यांचा साधा ओलावा मीटर पुरतो, पण तो वापरायची पद्धत महत्त्वाची आहे. बाहेरच्या अंगाला टाचण्या टोचून १४ टक्के दिसले तर त्याला काही अर्थ नाही, बाहेरचा थर नेहमीच आधी सुकतो. थप्पीच्या मधल्या भागातून तीन-चार फोडी काढा, एक दिवस खोलीत ठेवा (गोठलेल्या लाकडावर मीटर खोटा कमी आकडा दाखवतो), मग त्या पुन्हा उभ्या चिरा आणि ताज्या अंगाच्या मधोमध, रेषांच्या दिशेने टाचण्या दाबा. आकडा २० च्या खाली असेल तर जळण तयार आहे. २० ते २५ मध्ये जळेल, पण काच काळी होईल. त्याच्या वर असेल तर या हंगामात ते जाळू नका.

ओल्या लाकडाचं नुकसान लोक चुकीच्या जागी शोधतात, म्हणून इथे थोडं थांबतो. मीटर ३५ टक्के दाखवत असेल तर ५ किलो लाकडात सुमारे १.३ किलो पाणी असतं (मीटरचे टक्के कोरड्या लाकडाच्या वजनावर असतात). ते तापवून त्याची वाफ करायला एक युनिटहून (किलोवॉट-तास) थोडी कमी ऊर्जा लागते, आणि त्या ५ किलोत एकूण १९ युनिटच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे पाण्यावर खर्च होते जेमतेम पाच टक्के. "एवढंच ना?" असं वाटेल. पण ही सगळी वाफ जळणाच्या पहिल्या टप्प्यात निघते, नेमकी तेव्हा लाकडातून ज्वालाग्राही वायूही सुटत असतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग वायू होऊनच बाहेर पडतो. ते वायू नीट पेटायला भट्टीत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. पाण्याची वाफ तापमान तिथे पोचूच देत नाही. मग ते वायू न जळता पाइपात जातात आणि डांबर होऊन बसतात. पाच टक्क्यांचा खर्च वाटतो तिथे तुम्ही इंधनाचा मोठा हिस्सा चिमणीला चिकटवत असता.

बंद झडपही हेच करते, ओलं लाकूड नसतानाही. झडप बंद केल्यावर लाकूड तापलेलं असतंच, त्यातून वायू सुटत राहतात, फक्त त्यांना जाळायला हवा नसते. ज्वाळ विझते आणि स्टोव्ह धुमसत बसतो. रात्री दोनला बाहेर जाऊन बघितलंत तर पाइपातून दाट, पिवळट-करडा धूर सावकाश ओघळताना दिसेल. आग रात्रभर "टिकली" असं आपल्याला वाटतं, पण त्या तासांत खोलीला ऊब फारशी मिळत नाही.

झडपेने उष्णता कमी-जास्त करायची सवय सोडा. लाकडाच्या वजनाने करा. कमी ऊब हवी असेल तर कमी लाकूड घाला आणि ते मोकळ्या हवेत, पिवळ्याधमक ज्वाळेने जळू द्या. १ किलो कोरड्या लाकडात सुमारे ४ युनिट ऊर्जा असते, चांगला स्टोव्ह त्यातली ३ खोलीला देतो. तुमच्या केबिनचं घनफळ ४८ घनमीटर. मध्यम इन्सुलेशनच्या खोलीसाठी घनमीटरला १४ ने भागायचा ढोबळ नियम आहे, इन्सुलेशन वाईट असेल तर १० ने. उत्तर येतं साडेतीन ते पाच किलोवॉट, तेही कडक थंडीत. तुमचा स्टोव्ह ९ चा. त्याला त्याच्या ताकदीने चालवलं तर खोलीत बसवत नाही, म्हणून तुम्ही त्याचा गळा आवळता, आणि तिथून सगळं सुरू होतं. पुढे कधी बदलाल तेव्हा ५ किलोवॉटचा घ्या. तूर्तास एका वेळी २ ते २.५ किलो, यापेक्षा जास्त घालू नका. हे पाऊण-एक तास जोरात जळतं, त्यानंतर निखारे आणि तापलेलं लोखंड आणखी दीड-दोन तास ऊब देत राहतात.

पेटवताना खाली दोन-तीन मध्यम फोडी, त्यावर आडव्या-उभ्या बारीक काटक्यांचे चार थर, आणि पेटवण सगळ्यात वर. आग वरून खाली उतरते. खालच्या लाकडाचे वायू वरच्या ज्वाळेतून जातात आणि जळतात, शिवाय पहिल्या काही मिनिटांतच पाइप तापतो. फोडी ८ ते १२ सेंटिमीटर जाडीच्या ठेवा. पुन्हा भरताना निखारे पुढे ओढा, लाकडं त्यांच्या मागे ठेवा, झडप १० ते १५ मिनिटं पूर्ण उघडी. सगळ्या कडा काळ्या होऊन त्यांवर बारीक भेगा पडल्या की झडप थोडी थोडी कमी करा, आणि ज्वाळ आळसावायला लागली की तिथेच थांबा. त्याच्या खाली कधी नाही. राख रोज कोरून काढू नका, २-३ सेंटिमीटरचा थर निखाऱ्यांना जपतो.

रात्रीसाठी शेवटचा भरणा झोपायच्या किमान तासभर आधी करा. तेव्हा घट्ट लाकडाच्या जाड फोडी चालतील, वजन तेवढंच. ज्वाळा संपून लालबुंद निखारे उरले की ते मागे एकत्र ओढा आणि वर थोडी राख पसरा. पहाटे त्यात धग सापडेल, काटक्या टाकल्या की पेटेल. या वेळीही झडप पूर्ण बंद करायची नाही. निखाऱ्यांच्या टप्प्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो, धूर मात्र दिसत नाही, आणि गार होत चाललेल्या चिमणीची ओढ नेमकी तेव्हाच ढिली पडते. खोली पहाटे गार पडत असेल तर त्याचा इलाज छताच्या इन्सुलेशनमध्ये आणि दारा-खिडक्यांच्या फटींत आहे.

आता पाइप. इथे पैसे घालावे लागतील, आणि ते इथेच घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. एकेरी पाइप फक्त स्टोव्ह असलेल्या खोलीत चालतो. छत किंवा भिंत ओलांडायची आणि बाहेर जायचं काम दुहेरी, मध्ये इन्सुलेशन असलेल्या स्टेनलेस चिमणीचं. जमत असेल तर भिंतीचा मार्ग सोडा आणि छतातून सरळ वर जा. एल्बो जातात, पाइपचा मोठा भाग उबदार खोलीत राहतो. छतातून जाताना चिमणीभोवती निर्मात्याने सांगितलेलं मोकळं अंतर ठेवायचं, बहुतेक वेळा ५० मिमी, आणि त्या पोकळीत काहीही कोंबायचं नाही. भिंतीतूनच न्यावं लागलं तर तिथे त्याच बनावटीचा इन्सुलेटेड तुकडा हवा, आडवा भाग शक्य तितका आखूड, बाहेरच्या दिशेने दर मीटरला किमान २ सेंटिमीटर चढ, आणि बाहेर एल्बोऐवजी टी (T आकाराचा जोड), खाली साफसफाईचं झाकण.

तुमचं पाणी सांध्यांतून *बाहेर* येतंय, यावरून आणखी एक गोष्ट कळते: खोलीतले पाइप बहुधा उलटे जोडलेत. प्रत्येक तुकड्याचं चुण्या पाडलेलं अरुंद टोक खाली, स्टोव्हच्या दिशेने यायला हवं, म्हणजे आत काही ओघळलं तर पाइपातूनच खाली जाऊन जळेल. धूर वर जाताना सांध्यातून निसटेल या भीतीने पुष्कळ लोक ते उलट लावतात. चालू चिमणीत दाब खोलीपेक्षा कमी असतो, सांध्यातून हवा आत ओढली जाते, त्यामुळे ती भीती बाळगायचं कारण नाही. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारा.

एवढं झाल्यावर उंची मोजा. एकूण साडेचार ते पाच मीटर असावी. टोक छतातून बाहेर पडतं तिथून किमान ९० सेंटिमीटर वर, आणि ३ मीटरच्या परिघातल्या कशाहीपेक्षा (छताचा कणा धरून) ६० सेंटिमीटर उंच. छतावर दीड मीटरहून जास्त पाइप उघडा असेल तर तणावे किंवा आधार लागतात. तुमच्या भागातले बांधकामाचे नियम किंवा स्टोव्हवरच्या पाटीवरच्या सूचना या आकड्यांपेक्षा कडक असतील तर त्या पाळा. लाकडी भिंतीपासूनच्या अंतराचंही तसंच: पाटी नसलेल्या जुन्या स्टोव्हला सर्व बाजूंनी ९० सेंटिमीटर आणि एकेरी पाइपला ४५ सेंटिमीटर धरतात.

दार उघडताना येणाऱ्या धुराची मात्र एक स्वतंत्र तपासणी आहे. आधी पाइपच्या टोकावरची जाळी बघा, डांबराने सगळ्यात आधी तीच बुजते, आणि तुमच्याकडे ती बुजलेली असणार असं मला वाटतं. ती साफ करूनही धूर येत असेल तर स्टोव्हजवळची खिडकी ३ सेंटिमीटर उघडी ठेवून दार उघडा. धूर थांबला तर घट्ट बंद केबिनमध्ये आगीला हवा कमी पडतेय, एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर जास्तच. बाहेरची हवा स्टोव्हला थेट देणारी नळी बसवा. फरक पडला नाही तर दोष पाइपातच आहे. दार उघडण्याआधी झडप पूर्ण उघडायची, मिनिटभर थांबायचं, मग दार बोटभर किलकिलं करून १५-२० सेकंदांनी सावकाश उघडायचं.

काळी काच बघून दाराचं गॅस्केट (कडेची फट बंद करणारी दोरी) बदलायची घाई करू नका. कागदाची पट्टी दारात धरून बंद करा, ओढल्यावर अडली तर गॅस्केट ठीक आहे.

दोन वस्तू लगेच घ्या. पहिली, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, स्टोव्हपासून १ ते ३ मीटरवर. झोपायची जागा त्याच खोलीत असल्याने तो उशाच्या उंचीला लावा. दुसरी, पाइपला चिकटणारा चुंबकी थर्मामीटर, स्टोव्हच्या माथ्यापासून ४५ सेंटिमीटर वर, एकेरी पाइपवर. पेटवणं संपल्यावर त्याचा काटा १२० ते २४० अंशांत राहिला पाहिजे. दुहेरी पाइपवर हा निरुपयोगी आहे, तिथे आत घुसणारी सळईची जात लागते.

पाइपात कधी विमान गेल्यासारखा घरघराट झाला, पाइप थरथरला किंवा लाल दिसला, तर आतलं डांबर पेटलंय असं समजा. दार आणि झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. पाणी ओतू नका, तापलेला पाइप तडकतो आणि वाफ उसळते. आग विझली तरी चिमणी उघडून तपासल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही.

सध्याचा पाइप व्यासाच्या मापाच्या ब्रशने साफ करा. स्टेनलेसला कडक प्लास्टिकचा ब्रश वापरा, आणि स्टोव्हमधला बॅफल (भट्टीच्या वरची धूर अडवून वळवणारी पट्टी) आधी काढा, नाहीतर सगळी काजळी त्याच्यावर साचून वाट बंद होईल. काळा, चकचकीत, काचेसारखा थर निघाला तर ब्रशने तो सुटणार नाही. असा एकेरी पाइप खरवडत बसण्यापेक्षा बदललेला बरा. नवी मांडणी सुरू झाल्यावर पहिला महिना दर आठवड्याला टोक आणि जाळी बघा. तपकिरी-करडी मऊ भुकटी असेल आणि थर ३ मिमीपेक्षा पातळ असेल तर पुढे महिन्यातून एकदा बघितलं तरी चालेल. पुन्हा ओलसर चमक दिसली तर त्या आठवड्यात जाळलेल्या थप्पीतली एक फोड चिरून मीटर लावा, आणि आकडा इथे कळवा.